शिवलेली नऊवारी: कानबाईला घेताय तर आधी बसून बघा

श्रावण लागला की जळगाव-धुळ्याच्या साडीच्या दुकानांत पुतळ्यांवर शिवलेली नऊवारी चढते. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते, सोमवारी विसर्जन. खरेदी बहुतेक याच दोन दिवसांसाठी. पाच मिनिटांत नेसून होते आणि कासोटा सुटत नाही, हे दुकानदाराचे दोन्ही दावे खरे. पण पुतळा मांडी घालून बसत नाही, आणि हा कपडा दगा देतो तो नेमका तिथे.

तयार एम, एल, एक्सएल मापातली शक्यतो नकोच. ती मापं कंबरेवर ठरतात आणि कंबरेला इलॅस्टिक असल्याने ती कुणालाही होते. अडतं आसनात. पुढच्या कंबरेपासून दोन्ही पायांमधून मागच्या कंबरेपर्यंत टेप नेला की आसनाचं माप मिळतं. ते अपुरं असलं की पूजेला बसताना मागची शिवण ताणते आणि फुगडीच्या चार गिरक्यांत उसवते. शिवून घेताना हे माप मांडी घालून द्या, वर दोन इंच सैल ठेवायला सांगा. आसनाला चौकोनी जोड आणि दुहेरी शिवण हवीच. आतून उलटून बघा. एकेरी शिवण दिसली तर तिथल्या तिथे परत करा.

काठाकडेही बघा. मागे कासोट्याचा काठ कंबरेपासून टाचेकडे सरळ उतरायला हवा. साडेपाच मीटरच्या सहावारीतून नऊवारी शिवली की कापड पुरत नाही. मग पुढच्या निऱ्या चार-पाचच येतात, ओचा दिसायलाही उरत नाही, आणि पदर आखूड होतो. घरातली जुनी सहावारी देणार असाल तर हे धरूनच द्या.

जागरण रात्रभराचं असतं, म्हणून बाजूला सात-आठ इंचांची चेन घ्या. नुसत्या इलॅस्टिकपेक्षा बाथरूमला जाताना उतरवणं-चढवणं सोपं पडतं. उंची घोट्यापर्यंतच, जमिनीला टेकणारी नऊवारी फोटोत छान, नदीवर जाताना चिखलात. सुती कापड असेल तर शिवण्याआधी एकदा पाण्यातून काढा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटून आसन पुन्हा आखूड होतं. शिलाईच्या दरात अस्तर, फॉल, पिको धरलेत का, हे कापड देतानाच विचारा.

मोठा तोटा वेगळाच आहे. लुगडं सासू-सून-नणंद कुणीही नेसतं. ही एकीच्याच मापाची. दोन्ही बाजूंच्या शिवणीत दोन-दोन इंच माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवायला सांगितलं तर दोन-चार वर्षं निभावते.

आणि घरातल्या आजी? 'हाई लुगडं शे का पायजमा?' हा प्रश्न येणारच. त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही: पूजेला अखंड, न शिवलेलं वस्त्र ही जुनी रीत आहे. जिथे ती पाळतात तिथे रविवारी मांडणीला लुगडं आणि सोमवारी मिरवणुकीला शिवलेली, अशी वाटणी सोयीची पडते. शेजारी चेन लावलेलं तयार धोतर घालून बसलेल्या यजमानांना मात्र हा प्रश्न कुणी विचारत नाही.