हातातला सन फोटोमीटर की भिंतीवरचा पीएम सेन्सर?

विभागाला थोडा निधी मिळालाय, विद्यार्थ्यांकडून हवेतल्या एरोसॉलवर, म्हणजे तरंगणाऱ्या बारीक कणांवर, वर्षभराचा प्रकल्प करून घ्यायचाय, आणि उपकरण कोणतं घ्यावं यावर स्टाफरूममध्ये एकमत होत नाहीये, अशा शिक्षकांसाठी हे लिहितोय. आमच्या पुण्यातल्या विभागात हाच प्रश्न आला तेव्हा लेझरवाला पीएम सेन्सर आणि हातात धरून सूर्यप्रकाश मोजायचा सन फोटोमीटर, दोन्ही काही हंगाम शेजारी शेजारी चालवले. पीएम २.५ म्हणजे हवेतले अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण आणि एओडी म्हणजे एरोसॉल वाटेत किती सूर्यप्रकाश अडवतात त्याचं माप, एवढं ठाऊक असलं की पुरे. तांत्रिक तक्ते उत्पादकांच्या पत्रकात मिळतील.

पहिला फरक सगळेच सांगतात, म्हणून थोडक्यात. सेन्सर नाकासमोरची हवा बघतो, तर फोटोमीटर जमिनीपासून वातावरणाच्या माथ्यापर्यंतचा अख्खा स्तंभ बघतो. पण याचा प्रकल्पावर किती परिणाम होतो हे वर्षभराचा आलेख काढल्याशिवाय लक्षात येत नाही. आमच्याकडे सेन्सरचे आकडे डिसेंबर-जानेवारीत चढतात, कारण थंडीत हवेचा मिसळणारा थर बुटका होतो आणि धूर खालीच कोंडतो. फोटोमीटरचा एओडी मात्र मार्च ते मे या काळात वर जातो. तेव्हा अरबस्तान आणि राजस्थानाकडची धूळ वरच्या थरांतून येत असते आणि जमिनीवरचा सेन्सर निवांत असतो. एप्रिलच्या दुपारी आकाश पांढुरकं दिसतं, सूर्य फिकट वाटतो, आणि भिंतीवरचा आकडा ‘समाधानकारक’ म्हणतो. दोघंही खरंच बोलत असतात. मुलांना हवेची गुणवत्ता आणि हवामानावरचा परिणाम हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आता सेन्सरच्या बाजूनं जे बोलायला हवं ते मोकळेपणानं बोलतो. तो स्वस्त आहे, रात्रंदिवस चालतो, कुणी जवळ बसावं लागत नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांचा धूर कसा चढत गेला आणि कधी ओसरला हे फक्त तोच दाखवू शकतो. फोटोमीटर सूर्य मावळला की संपला. कचरा जाळण्याची जागा, बेकरीची भट्टी, डिझेल जनरेटर, शाळेच्या फाटकाशी उभ्या राहणाऱ्या रिक्षा, असा शेजारचा स्रोत शोधायचा असेल तर सेन्सरच घ्या. तिथं फोटोमीटरचा काही उपयोग नाही.

तरीही माझं मन त्याच्यावरून उडालं, आणि त्याला कारण एकच: दमटपणा.

सेन्सरमध्ये एक छोटा पंखा हवा ओढतो, लेझरच्या झोतातून नेतो, आणि कणांनी विखुरलेला प्रकाश मोजून त्याचं वजनात रूपांतर करतो. वजन तो करत नाही, अंदाज करतो. नियमावलीतलं पीएम २.५ हे मात्र कोरड्या कणांचं वजन असतं. फिल्टर ठरावीक आर्द्रतेत ठेवून मगच तोलतात, आणि सरकारी केंद्रांवरच्या बीटा किरणांच्या यंत्रात आत येणारी हवा तापवून कोरडी करतात. भिंतीवरच्या सेन्सरला हे काहीच नसतं. अमोनियम सल्फेटचा कण आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास गेली की पाणी ओढून घेऊ लागतो, समुद्री मीठ ७५ टक्क्यांलाच. कणाचा व्यास दीडपट झाला तरी विखुरलेला प्रकाश दुपटीच्या घरात जातो. सेन्सर ते सगळं धूळ म्हणून मोजतो.

एवढंच असतं तर मी चालवून घेतलं असतं. खरा त्रास पुढे आहे. नोव्हेंबरातल्या सकाळी सात वाजता पुण्यात काय असतं? आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्के, आणि हवेचा थरही अगदी बुटका. म्हणजे खरं प्रदूषणही जास्त आणि खोटं प्रदूषणही जास्त. दुपारी दोनला ऊन तापतं, थर उंचावतो, कण पसरतात, आणि त्याच वेळी आर्द्रता तीस-चाळीसवर येऊन कणांतलं पाणीही उडून जातं. आकडा पडतो. किती खऱ्या कारणानं पडला आणि किती खोट्या? विद्यार्थ्यानं हा प्रश्न विचारला की आलेखाकडे बघून उत्तर देता येत नाही, कारण चूक आणि सत्य एकाच वेळी, एकाच दिशेनं हलतात. नुसत्या सरासऱ्या काढूनही त्या सुटत नाहीत. रोजचा तोच डोंगर आणि तीच दरी, आणि प्रत्येक डोंगरात पाणी किती हे कळायला मार्ग नाही.

उपाय करून पाहिले. सेन्सरच्या तोंडाशी सिलिका जेलची नळी लावली. त्या नखाएवढ्या पंख्याला ती ओढवेना, प्रवाह मंदावला आणि आकडे वेगळ्याच कारणानं उतरले. हवा थोडी तापवली तर अमोनियम नायट्रेटसारखे नाजूक कण वाटेतच उडून जाण्याचा धोका. तिसरा मार्ग म्हणजे आर्द्रतेवरून दुरुस्तीचं सूत्र. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं २०२१ मध्ये तिथल्या लोकप्रिय घरगुती सेन्सरसाठी असं देशभराचं सूत्र काढलं. त्यात सेन्सरचा आकडा आधी जवळजवळ निम्मा करतात आणि मग आर्द्रतेनुसार आणखी वजा करतात. पण ते त्यांच्या हवेचं सूत्र आहे. आपल्या हिवाळ्यातला चुलीचा, शेकोटीचा आणि वाहनांचा मिसळलेला धूर त्यात बसेलच असं नाही. आपलं सूत्र आपण काढायचं तर सेन्सर सरकारी केंद्राच्या गच्चीवर महिनोन् महिने ठेवावा लागतो, आणि ती परवानगी मिळवणं हेच एक स्वतंत्र काम होऊन बसतं. कोकणातल्या मित्रांना तर मी सेन्सर सुचवायला कचरतो. रत्नागिरी-मालवणकडे मीठही आहे आणि दमटपणाही बारमाही.

जाड धुळीचंही एक आहे. जानेवारी २०२२ मध्ये कराचीकडून आलेल्या वाळूच्या वादळानं मुंबईतल्या गाड्यांवर पांढरी पूड बसली होती. अशा धुळीत हे स्वस्त सेन्सर कमी पडतात. मोठे कण त्यांना नीट दिसत नाहीत, आणि पीएम १० म्हणून जो आकडा पडद्यावर येतो तो बराचसा बारीक कणांवरून बेतलेला असतो.

आता फोटोमीटर. दमटपणा त्यालाही लागतोच, पण तिथं तो चूक ठरत नाही. पाणी पिऊन फुगलेला कण सूर्यप्रकाश खरोखरच जास्त अडवतो. पृथ्वीच्या ऊर्जेच्या हिशेबात ते पाणी धरलंच जातं. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या सहाव्या अहवालानं १७५० पासूनच्या मानवनिर्मित एरोसॉलचा एकूण परिणाम प्रति चौरस मीटर उणे १.१ वॅटच्या आसपास धरलाय, म्हणजे थंडावा देणारा, आणि त्याची अनिश्चितता उणे ०.४ ते उणे १.७ इतकी रुंद आहे. कार्बन डायऑक्साइडचा आकडा अधिक २.१६ आहे आणि त्यात इतका घोळ नाही. हवामानातली एवढी मोठी अनिश्चितता ज्या गोष्टीत आहे, तिचं निरीक्षण मुलं स्वतःच्या हातानं करतात. मला हे फार मोलाचं वाटतं.

दुसरी आणि माझ्या लेखी निर्णायक गोष्ट म्हणजे फोटोमीटरचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याच्या आकड्यांची तपासणी-जुळणी, तुम्ही स्वतः करू शकता. कुणाची गच्ची लागत नाही, कुणाचं पत्र लागत नाही. लँग्ली पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. स्वच्छ, स्थिर सकाळी सूर्य चढत असताना वाचनं घ्यायची. सूर्य क्षितिजापासून बाराएक अंशांवर असताना प्रकाशाला वातावरणाची सुमारे पाचपट वाट तुडवावी लागते, तीस अंशांवर दुप्पट. व्होल्टेजचा लॉग आणि ही वाट यांचा आलेख काढला की सरळ रेषा येते, आणि ती शून्यापर्यंत वाढवली की वातावरण नसतंच तर उपकरणानं किती दाखवलं असतं तो आकडा मिळतो. नासाच्या एरोनेट या जगभरच्या फोटोमीटरांच्या जाळ्यातली प्रमुख उपकरणंही हवाईतल्या मौना लोआसारख्या उंच डोंगरावर याच पद्धतीनं तपासतात.

आमच्यासाठी सिंहगड पुरतो. डिसेंबरात उत्तरेकडून थंड वारं येऊन गेलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर जायचं आणि साधारण आठ ते साडेनऊ या वेळात वाचनं घ्यायची. नळीच्या तोंडाच्या छिद्रातून आलेला सूर्याचा ठिपका खालच्या खुणेवर आणायचा, हात स्थिर ठेवायचा, आकडा वाढत वाढत थांबेल तो लिहायचा. मग छिद्रावर अंगठा ठेवून अंधारातलं वाचन घ्यायचं आणि ते वजा करायचं. सूर्याकडे डोळ्यांनी बघायचं नाही, हे मुलांना दर वेळी बजावायचं. पहिले बिंदू आलेखाच्या कागदावर अगदी एका रेषेत पडतात. मग कधीतरी दरीतलं धुरकं उन्हानं उचललं जातं, कड्याच्या वर येतं, आणि तिथून पुढचे बिंदू रेषेखाली घसरतात. मुलांना डोळ्यांनी धुरकं वर येताना दिसतं आणि त्याच मिनिटाला कागदावर ते उमटतं. ते बिंदू सोडून द्यायचे, बाकीच्यांची रेषा ओढायची. या उपकरणाची चूक अशी समोर दिसते, आणि किती मोठी आहे तेही सांगता येतं. मूळ आकड्यात २ टक्के गफलत राहिली तर सूर्य डोक्यावर असताना एओडीत ०.०२ चा फरक पडतो, सूर्य तीस अंशांवर असताना ०.०१ चा. शहरात एओडी ०.४-०.५ असताना मला तो चालतो.

शिवाय दोन-तीन रंगांत मोजणारा फोटोमीटर घेतला तर कण बारीक की जाड हेही कळतं. समजा, निळ्यात (४६५ नॅनोमीटर) एओडी ०.६० आला आणि लालमध्ये (६१९ नॅनोमीटर) ०.४०, तर रंगानुसार एओडी किती बदलतो ते सांगणारा अँगस्ट्रॉम घातांक १.४ येतो, म्हणजे धुरासारखे बारीक कण. लालमध्येही ०.५७ आला तर घातांक ०.२ च्या खाली जातो, म्हणजे जाड धूळ. जानेवारी आणि एप्रिल यांची वाचनं शेजारी मांडली की कुणी न सांगता मुलांना ऋतू ओळखता येतात. पुणेकरांना आणखी एक सोय आहे. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत २००४ पासून एरोनेटचं केंद्र आहे आणि त्याचे आकडे कुणालाही मोफत उतरवता येतात. आपलं वाचन आणि त्यांचं वाचन त्याच वेळचं ताडून बघायचं.

याचे तोटे सरळ आहेत. जून ते सप्टेंबर तो जवळजवळ कपाटातच राहतो. विरळ सायरस ढग फसवतात. डोळ्याला निळंच वाटणारं आकाश एओडी उगाच वाढवतं. म्हणून एका मिनिटात तीन वाचनं घ्यायची आणि ती आपसांत जुळली नाहीत तर फेकून द्यायची. एरोनेटचं यंत्रही ढग ओळखायला हाच नियम वापरतं. रोज ठरल्या वेळी कुणीतरी गच्चीवर जायला हवं, आणि परीक्षेच्या काळात ते होत नाही. तयार उपकरणाची किंमत सेन्सरच्या कितीतरी पट असते. पण इथं एक वाट आहे. फॉरेस्ट मिम्स या अमेरिकन हौशी संशोधकानं साधा एलईडीच प्रकाश ओळखायला वापरून फोटोमीटर बनवले आणि १९९० पासून टेक्सासमध्ये वर्षानुवर्षं मोजमाप केलं. एलईडी, एक ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी चिप), एक मोठा रेझिस्टर, नळी आणि मल्टीमीटर एवढ्यात तो होतो. द्वितीय वर्षाचे विद्यार्थी सहज जोडतात. तो तापमानानं थोडा सरकतो, म्हणून उन्हात तापू न देता सावलीत ठेवायचा आणि वाचनापुरता बाहेर काढायचा.

उपग्रहाचं काय, असं कुणीतरी विचारतंच. टेरा १९९९ मध्ये आणि अ‍ॅक्वा २००२ मध्ये गेला, त्यांच्यावरच्या मोडिस या उपकरणाचा एओडी फुकट मिळतो, आणि महाराष्ट्रभराचा नकाशा बघायला तो छानच आहे. पण तो दिवसातून एखाद-दोन वेळाच वरून जातो आणि ढगात त्यालाही दिसत नाही. जोडीला ठेवा. त्यावरच प्रकल्प उभा केला तर मुलं वर्षभर संगणकासमोर बसतील, आकाशाकडे बघणार नाहीत.

तेव्हा तुमचा प्रश्न ‘आमच्या गल्लीतली हवा श्वासाला कशी आहे’ असा असेल तर सेन्सर घ्या, आणि त्याच्या शेजारी आर्द्रतामापक लावून ७५ टक्क्यांवरची वाचनं वेगळ्या रंगात दाखवा. प्रश्न आकाशाचा, उन्हाचा, हवामानाचा असेल, किंवा मुलांना मोजमाप म्हणजे काय हे शिकवायचं असेल, तर मी फोटोमीटरच घेईन. माझ्या मते बहुतेक विज्ञान विभागांचा प्रश्न हा दुसराच असतो. खरेदी किंवा जोडणी दिवाळीच्या आत उरका. लँग्लीच्या सकाळी नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच मिळतात, आणि कॅलिब्रेशन हातात असेल तर मार्चची धूळ पहिल्या दिवसापासून मोजता येते.