एका क्लिपचे १६,८०० रुपये

आधीच सांगतो, गाडीतलं मला अगदीच काही कळत नाही असं नाही. टायर स्वतः बदलतो, बॅटरीचे टर्मिनल घासतो, आणि गॅरेजवाल्याकडून जुने पार्ट मागून घ्यायचे असतात हेही मला पक्कं माहीत होतं. मागितलेही. त्या जुन्या पार्टासकट फसलो.

मे महिन्यातला शनिवार. पुण्याहून कराडला लग्नाला निघालो होतो. गाडी २०१३ची डिझेल, लाखाच्या वर चाललेली. शेजारी बायको, मागे आई आणि आहेराच्या पिशव्या. खंबाटकी घाटात ट्रकांची रांग लागलेली, त्यामुळे पहिला-दुसरा, पहिला-दुसरा असं चाललेलं. मीटरवरचा ब्रेकचा लाल दिवा वळणावर लागायचा नि सरळ रस्त्याला विझायचा. हँडब्रेक जरा वर राहिला असेल म्हणून मी तो दोनदा वर-खाली केला. ही म्हणाली, "अहो, तो लाल दिवा कसला?" म्हटलं, "काही नाही, हँडब्रेकचा."

घाट उतरून सुरूरच्या अलीकडे गिअर बदलायला पाय टाकला तर क्लचचं पेडल थेट मॅटला टेकलं आणि तिथेच राहिलं. हाताने ओढून वर काढलं, पुन्हा दाबलं. आत काही प्रतिकारच नाही. गाडी तशीच न्यूट्रलला घरंगळत कडेला घेतली. हायवेची हेल्पलाइन १०३३ फिरवणार तेवढ्यात एक मोटारसायकलवाला थांबला. "काय झालं दादा? म्हातारं माणूस हाय गाडीत, उन्हात कुठं थांबताय?" त्यानेच जीप बोलावली, दोर बांधला, आणि आतल्या रस्त्यावरच्या एका गॅरेजला आम्हाला नेऊन सोडलं. आईने त्याला आशीर्वाद दिला.

मिस्त्रीने बॉनेट उघडलंच नाही. दारातून वाकून हाताने पेडल दोनदा दाबलं नि म्हणाला, "क्लचप्लेट गेलीय सायेब. गिअरबॉक्स उतरवाय लागतोय." मी म्हटलं, काल तर बरी होती. त्यावर तो हसला. "घाटातनं क्लचवर पाय ठेवूनच आणली न्हवं? मग जळणारच की."

इथे मी संपलो. कारण क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय मला खरंच आहे, आणि ही त्यावरून मला गेली दहा वर्षं बोलते. त्याने माझीच चूक मला विकली. हिने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. ४,८०० रुपये आधी दिले, दुसरी गाडी करून लग्न गाठलं आणि रविवारी संध्याकाळी परत आलो. गाडी तयार. पेडल झकास. क्लच सेट ९,२००, बेअरिंग आणि खालचा सिलिंडर ३,१००, मजुरी ४,५००. डायरीच्या पानावर तीन ओळी, खाली १६,८००. जुने पार्ट मागितल्याबरोबर वर्तमानपत्रात गुंडाळलेली काळी जळकी प्लेट त्याने स्वतः डिकीत ठेवली. मला वाटलं, माणूस सरळ आहे.

एकवीस दिवसांनी सिंहगड रस्त्यावर सिग्नलला पेडल पुन्हा मऊ लागायला लागलं. आणि तोच लाल दिवा. या वेळी पटापट चार-पाच वेळा पंप केल्यावर थोडा क्लच आला, तेवढ्यावर कशीबशी गाडी आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने पहिलं काम केलं ते म्हणजे बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीवर टॉर्च मारली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. "काका, प्लेट झिजली तर ऑइल कशाला पळेल?"

मग त्याने जे समजावलं ते मला त्या शनिवारी माहीत असतं तर! माझ्या गाडीचा क्लच तारेवर नाही, ऑइलवर चालतो. पेडलपाशी एक सिलिंडर, गिअरबॉक्सवर दुसरा, मध्ये पाइप. पेडल दाबलं की वरचं ऑइल खालच्या सिलिंडरला ढकलतं आणि तो क्लच सोडवतो. ऑइल गळलं किंवा आत हवा शिरली की पेडल मऊ होतं, खाली जाऊन बसतं, गिअर पडत नाही, रिव्हर्स टाकताना करकरतो. प्लेट झिजते तेव्हा बहुतेक वेळा उलटं होतं: गिअर पडतात, पण इंजिन नुसतं ओरडतं, गाडी ओढत नाही, चढाला जळका वास येतो. माझी गाडी घाटात व्यवस्थित ओढत होती! आणि तो लाल दिवा हँडब्रेकचा नव्हताच. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लच एकाच डबीतून ऑइल घेतात. पातळी खाली गेली की वळणावर ऑइल एका बाजूला जातं आणि दिवा लागतो. क्लचचा फाटा डबीत वरच्या बाजूला असतो, म्हणून क्लचचं ऑइल संपलं तरी ब्रेकपुरतं खाली उरतं. घाटातून आम्ही सुखरूप उतरलो ते त्याच्यामुळे, आणि हे कळल्यावर माझ्या पोटात गोळा आला.

गळती शोधायला त्याला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. खालच्या सिलिंडरमध्ये पाइपचं टोक नुसतं दाबून बसवलेलं असतं. आत रबराची ओरिंग, बाहेरून स्प्रिंगच्या तारेची एक यू आकाराची क्लिप. माझ्या पाइपला क्लिपच नव्हती. तिच्या जागी बांधकामाची बाइंडिंग तार तीन वेढे पिळून बांधलेली. त्याने मला बोट लावायला सांगितलं. पाइप दुधाच्या दातासारखा हलला, आणि जोडापाशी एक पिवळट थेंब फुगून खाली पडला.

म्हणजे सुरूरला झालं होतं ते एवढंच. क्लिप निसटली, पाइप सैल झाला, ऑइल गळलं. त्या माणसाने तार पिळली, ऑइल भरलं, हवा काढली. फार तर अर्ध्या तासाचं काम. बाकी सगळं डायरीच्या पानावर.

मी तरी म्हटलं, अरे पण प्लेट बदलली असेल, जुनी डिकीत आहे. तो म्हणाला, गाडी वर घेऊ. रॅम्पवर घेतली आणि गिअरबॉक्स इंजिनला जोडणारे बोल्ट दाखवले. एकेका बोल्टाच्या डोक्यावर कित्येक पावसाळ्यांचा चिखल चिमण्यांच्या घरट्यासारखा घट्ट बसलेला. पाना लागला की कडा चकाकतात, इथे गंजसुद्धा खरवडलेला नव्हता. "हा गिअरबॉक्स कंपनीतून आल्यावर कुणी उतरवलेलाच नाही, काका." शिवाय आमच्यासारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्स उतरवायचा तर दोन्ही बाजूंचे शाफ्ट काढावे लागतात, गिअर ऑइल निघतं, परत भरावं लागतं. "बिलात गिअर ऑइल कुठंय?" नव्हतंच. मग डिकीतली प्लेट आणली. त्याने शेल्फवरचं माझ्या मॉडेलच्या नव्या प्लेटचं खोकं उघडून दोन्ही प्लेटा शेजारी धरल्या. माझी 'जुनी' प्लेट चांगली दोन बोटं मोठी, मधले दातेही वेगळे. कुठल्या तरी जीपची असावी. त्या गॅरेजमध्ये अशा किती जळक्या प्लेटा पडून असतील कोण जाणे, प्रत्येक गिऱ्हाइकाला एक.

खरी दुरुस्ती अशी झाली: नवी क्लिप, नवी ओरिंग, डबीच्या झाकणावर लिहिलंय त्याच ग्रेडचं, माझ्या गाडीला डॉट ४, नवं सीलबंद ऑइल. मग गॅरेजमधला पोरगा सीटवर बसला, मिस्त्री खाली. "दाब... धर..." म्हटल्यावर पोरगा पेडल दाबून धरायचा, हा खालच्या सिलिंडरचा हवा काढायचा निपल अर्धा फेरा सैल करायचा, नळीतून बाटलीत बुडबुडे यायचे, निपल बंद, मग "सोड". दहा-बारा वेळा, बुडबुडे थांबेपर्यंत. वर डबी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. सांडलेलं ऑइल त्याने लगेच पाण्याने धुतलं, कारण ते रंग खातं. सगळे मिळून ६५० रुपये.

तर हायवेवर क्लच असा बसला आणि कुणी बॉनेट न उघडताच गिअरबॉक्स उतरवायची भाषा केली, तर आधी स्वतः डबीतलं ऑइल बघा, गिअरबॉक्सखाली ओलं आहे का बघा. पेडलपाशी मॅट ओली असेल तर वरचा सिलिंडर गळतोय. गिअरबॉक्स उतरवायचाच असेल तर उतरवलेला असताना फोटो मागा, गाडीचा नंबर दिसेल असा. आणि चुकूनही डबीत इंजिन ऑइल ओतू नका. रबराची सगळी सीलं फुगतात, मग खरोखरच मोठा खर्च.

सुरूरच्या त्या गॅरेजला फोन केला तर तिकडून उत्तर एकच, "गाडी घेऊन या, बघतो." दोनदा गेलो, दोन्ही वेळा मालक गावाला. मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यांनी बिल मागितलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या पानावर दुकानाचं नाव, शिक्का, सही काहीच नाही. उरला यूपीआयचा पुरावा. तो उघडला तर उरलेले १२,००० गेलेत ते मिस्त्रीच्या नावावर नाहीतच. नाव वाचून काही उमजेना. शेजारी छोटा फोटो होता तो हिने मोठा करून बघितला. आईने आशीर्वाद दिलेला मोटारसायकलवाला.

आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केलाय. व्यवहारापासून दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, त्यामुळे माझा फक्त वेळ जातोय. बोल्टांचे फोटो, तार, तो कागद जोडलाय. प्लेट सुनावणीला लागेल म्हणून अजून डिकीतच आहे. भाजीच्या पिशव्यांना वास लागतो म्हणून ही रोज कुरकुरते.