पेनिनाचं पत्र, पिनकोड लिस्बनचा

परदेशी नोकरीच्या नावाने मला गंडवणारा एजंट अडाणी असता तर मी वाचलो असतो. तो अभ्यास करून आला होता.

मी पेडणे तालुक्यातला. कळंगुटकडच्या एका हॉटेलात लॉन सांभाळतो. घरचं खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन, शापोरा नदीकाठी. बांध आणि मानस (पाणी आत-बाहेर सोडायचं दार) राखण्यात वडिलांची हयात गेली. म्हापशाला भेटलेल्या या माणसाने आधी हेच सगळं काढून घेतलं आणि मग म्हणाला, "बाब, आल्गार्वातला पेनिना गोल्फ कोर्स ऐकलाय? भातशेतावर उभा केलाय तो."

हे खरं आहे, म्हणूनच घोटाळा झाला. पोर्तुगालच्या दक्षिणेला, पोर्तिमाँवजवळ, पाणथळ भातखाचरांवर हेन्री कॉटनने हा कोर्स आखला. 1966 साली तो सुरू झाला. आल्गार्वातला पहिला चॅम्पियनशिप कोर्स. कॉटन म्हणजे 1934, 1937 आणि 1948 ची ब्रिटिश ओपन जिंकलेला इंग्रज. जमिनीतलं पाणी ओढून घ्यायला त्याने हजारो झाडं लावली. त्याच्या गोल्फच्या पिशव्या वाहायला एक गाढव असायचं. (तेव्हा हसलो होतो मी.) मोबाइलवर शोधलं तर सगळं जुळलं. "निचरा कळणारी माणसं हवीत त्यांना. खाजनातला माणूस कुठे मिळणार?" या वाक्यावर मी गेलो.

पहिले 25 हजार 'फाइल'चे. मग ग्रीनकीपरच्या, म्हणजे गोल्फचं मैदान राखणाऱ्याच्या, नोकरीचं पत्र आलं, शिक्क्यासकट. मग मेडिकल, वकील, खोलीचं आगाऊ भाडं, व्हिसाची अपॉइंटमेंट. दर वेळी "हे शेवटचे". अर्धे रोख, अर्धे यूपीआयने, तेही दर वेळी वेगळ्याच नावावर. पावती मागितली तर म्हणाला, "विश्वास नसेल तर फाइल घेऊन जा." मीच ओशाळलो. चार महिन्यांत 2 लाख 80 हजार गेले, त्यातले बरेचसे भावोजींकडून उसने.

भाचीने पत्र दोन मिनिटांत उलगडलं. ईमेल जीमेलचा. पत्ता पेनिनाचा, पण पिनकोड 1 ने सुरू होणारा, म्हणजे लिस्बनचा. आल्गार्वचे 8 ने सुरू होतात. सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर नोंदणीकृत एजंटांची यादी असते, तिच्यात याचं नाव नव्हतं. नोंदणीकृत एजंटालाही 30 हजार आणि वर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. मी नऊपट मोजले होते. हे पाहायला पैसे लागत नाहीत, पण मी गाढवाची गोष्ट तपासत बसलो, माणसाची नाही.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तोवर यूपीआयचे पैसे पुढे सरकले होते. पोलिसांत तक्रार दिली आहे; रोख रकमेचा पुरावा म्हणजे माझी डायरी. त्या कोर्सचा यात काडीचा संबंध नाही, त्याचं नाव फक्त वापरलं.

गेल्या आठवड्यात डिचोलीच्या एका मुलाने मला तसंच पत्र दाखवलं. नाव तेवढं त्याचं. पिनकोड अजून 1 नेच सुरू होतो.