साथीत आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधक औषध: सरसकट वाटप की प्लॅसिबोसह चाचणी?

नव्या विषाणूची साथ पसरते आणि एखादे जुने, स्वस्त औषध उपयोगी पडेल अशी आशा निर्माण होते, तेव्हा रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रण समितीपुढे दोन मार्ग असतात. परिचारिका, निवासी डॉक्टर, वॉर्डबॉय आणि सफाई कामगार यांना ते औषध लगेच द्यावे, किंवा चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी (प्लॅसिबो) देऊन आधी पडताळणी करावी. कोविडच्या साथीत हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन या मलेरियावरील जुन्या औषधाच्या बाबतीत हे दोन्ही मार्ग वापरले गेले.

भारताने पहिला मार्ग धरला. मार्च 2020 मध्ये आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) कृती दलाने पहिल्या दिवशी 400 मिलिग्रॅम दोनदा आणि पुढे सात आठवडे दर आठवड्याला 400 मिलिग्रॅम अशी मात्रा सुचवली. या मार्गाचा वेग आणि त्यातून मिळणारा धीर, दोन्ही खरे आहेत. पुढे आयसीएमआरच्याच अभ्यासात बाधित आणि अबाधित कर्मचाऱ्यांची तुलना झाली, तेव्हा आठवड्याच्या चार किंवा अधिक मात्रा घेतलेल्यांत संसर्ग कमी आढळला. हा निष्कर्ष बारकाईने पाहायला हवा. दुसऱ्याच आठवड्यात बाधित झालेली परिचारिका चौथ्या मात्रेपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे ‘चार मात्रा घेतलेले’ या गटात मुळात तोवर निरोगी राहिलेलेच उरतात. शिवाय नेमाने गोळी घेणारा माणूस बहुधा पीपीई किटही नेमानेच घालतो.

दुसऱ्या मार्गात ही गफलत टळते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या चाचणीत रोज 600 मिलिग्रॅम घेणाऱ्या 64 कर्मचाऱ्यांपैकी 4 आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्या 61 पैकी 4 जण बाधित झाले. जुलाबाचा त्रास मात्र औषधाच्या गटात अधिक होता. मिनेसोटातून चाललेल्या चाचणीत 1,483 कर्मचारी होते आणि तिथेही खात्रीलायक फायदा दिसला नाही. पण या मार्गाचा दोषही गंभीर आहे: छोट्या चाचण्यांतून मोठा फायदा नाकारता येतो, किरकोळ फायदा नाही. 4,652 जणांच्या ‘कॉपकोव्ह’ चाचणीत औषधाच्या गटात 2,320 पैकी 240, तर दुसऱ्या गटात 2,332 पैकी 284 जणांना लक्षणांसह कोविड झाला, म्हणजे फायदा असलाच तर थोडा. हे निष्कर्ष 2024 मध्ये प्रसिद्ध झाले, तोवर लसी येऊन काही वर्षे लोटली होती.

चाचणीविना निर्णय कधीच घेऊ नये, असे मात्र नाही. एचआयव्हीबाधित रुग्णाची सुई टोचल्यावर संसर्गाचा धोका सुमारे 0.3 टक्के असतो, त्यामुळे प्लॅसिबो चाचणीला प्रचंड संख्या लागली असती. 1997 मध्ये 33 बाधित आणि 665 अबाधित कर्मचाऱ्यांच्या तुलनेत झिडोव्हुडिन या एचआयव्हीविरोधी औषधामुळे धोका सुमारे 81 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. परिणाम इतका ठळक असेल, तर अशा तुलनेवर भिस्त ठेवणे रास्त ठरते. आज टोचल्यापासून 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस औषधे दिली जातात.

संशयित फायदा माफक असेल, तर मी वरच्या दोहोंपैकी दुसरा, म्हणजे प्लॅसिबोसह चाचणीचा मार्गच सुचवेन, पण एकट्या रुग्णालयाने नव्हे, तर अनेक रुग्णालयांनी एकाच आराखड्यावर आणि पहिल्याच आठवड्यांत तो धरावा. दोन्ही गटांना मास्क आणि किट सारखेच मिळावेत, आणि नकार देणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या नोकरीला त्यामुळे धक्का लागणार नाही, हे संमतीपत्रात स्पष्ट लिहिलेले असावे.