१४० रुपयांचा शब्दकोश आणि एक अडलेला शब्द

मुलगी नववीत गेली तेव्हा आर्वीच्या बाजारातून खिशात मावेल असा इंग्रजी-मराठी शब्दकोश घेतला, १४० रुपयांत. सहा महिने रोज वापरून मग लिहिते आहे. बांधणी पक्की. वावरात डब्याच्या पिशवीतून नेला, एकदा पावसात भिजला, तरी एक पान सुटलं नाही. उच्चार देवनागरीत दिले आहेत, माझ्यासारख्या बारावीपर्यंत शिकलेल्या आईला त्याचा फार आधार वाटतो.

अडलं ते ‘लॉपसाइडेड’पाशी. अर्थ दिला आहे एकच, ‘असंतुलित’. पुढे वाक्य नाही, काही नाही. पोरीला विज्ञानातला असंतुलित आहार आठवला आणि तिनं निबंधात ‘लॉपसाइडेड डाएट’ लिहून टाकलं. बाईंनी लाल शाईनं खाली लिहिलं, आहाराला ‘अनबॅलन्स्ड’ म्हणतात. पोरगी हिरमुसली. मला कोशाचा राग आला, कारण त्यात होतं तेच तिनं लिहिलं होतं.

रात्री मोबाइलवर ऑक्सफर्डचा विद्यार्थ्यांसाठीचा कोश उघडला, तो फुकट पाहता येतो. तिथं कळलं की एक बाजू दुसरीपेक्षा खाली, लहान किंवा वेगळी दिसते तेव्हा हा शब्द येतो. ओठांचा एकच कोपरा वर जाणारं हसू लॉपसाइडेड. शब्द मूळचा जहाजांचा, १७११ च्या सुमाराचा. एका अंगाला जड होऊन कललेल्या जहाजाला तसं म्हणत. ‘लॉप’ म्हणजे सैल लोंबणं.

हे मोठ्यानं वाचत होते तर सासरे खाटेवरून म्हणाले, “कापसाची बंडी (बैलगाडी) भरताना एका अंगाले वझं जास्त झालं का ते कलते, तसंच ना?” तसंच, आबाजी! “अन् मांगं जड झाली तर उलाळ होते, पुढून उचलते, ते येगळं.” पोरीला शब्द त्या क्षणी समजला. समुद्र तिनं पाहिलेला नाही, बंडी रोज पाहते.

मग आम्ही दोघींनी वाक्यं केली. कबड्डीत एका संघानं ४२ आणि दुसऱ्यानं ११ गुण घेतले, तर सामना लॉपसाइडेड. त्याला ‘वन-सायडेड’ही चालतं. पण एकतर्फी प्रेम ‘वन-सायडेड’च, तिथं लॉपसाइडेड बसत नाही. डोक्यावरून पाण्याचे गुंड (हंडे) आणताना वरचा गुंड एका बाजूला सरकला, तर तो लॉपसाइडेड. माणसाचं मन बिघडलं तर मात्र ‘अनबॅलन्स्ड’. मराठीत ‘असंतुलित’ या एका शब्दात हे सगळं कोंबलं की मूल फसणारच.

प्रकाशकांना कळकळीची विनंती आहे, शब्द थोडे कमी घाला, पण प्रत्येकाखाली एक वाक्य द्या. गावातल्या मुलाला इंग्रजी ऐकायला मिळत नाही, शब्द कशासोबत चालतो ते त्याला वाक्यातूनच कळणार.

पाचवी-सहावीच्या मुलांसाठी हा कोश खुशाल घ्या, स्पेलिंग आणि उच्चाराला उत्तम आहे. आठवीच्या पुढे निबंध लिहायचे असतील तर दीडशे-दोनशे रुपये जास्त लागले तरी वाक्यं दिलेला मोठा कोशच घ्या. आमचा अजून वापरात आहे. त्या पानाच्या कडेला पोरीनं पेन्सिलीनं कललेली बंडी काढून ठेवली आहे.