व्हीआर हेडसेट, संगणकावरची आभासी प्रयोगशाळा की आणखी ब्युरेट?

अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेसाठी निधी मंजूर झाला की हल्ली व्हीआर (व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे हेडसेट डोळ्यांवर लावून अनुभवायचं आभासी जग) लॅबचं कोटेशन टेबलावर येतंच. डेमो देखणा असतो आणि मुलं हेडसेट काढायला तयार नसतात. तरी निर्णय डेमो पाहून घेऊ नका. वर्षाच्या प्रात्यक्षिकांची यादी काढा आणि प्रत्येक प्रयोगापुढे लिहा: इथे मुलांना हात बसवायचा आहे की एखादी रचना डोळ्यांसमोर आणायची आहे? पहिल्या गटात हेडसेटचा उपयोग जवळजवळ नाही.

ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन (एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबाने सोडून प्रमाण मोजणं) घ्या. पिपेटने १० मिली ऑक्झॅलिक आम्ल शंकुपात्रात, त्यात सौम्य सल्फ्युरिक आम्ल, ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत गरम करायचं आणि वरून ब्युरेटने, म्हणजे खाली तोटी असलेल्या उभ्या मापननळीने, परमँगनेट सोडायचं. सुरुवातीच्या थेंबांचा रंग जायला वेळ लागतो. मँगनीजचे आयन तयार झाले की तेच उत्प्रेरक होतात आणि वेग वाढतो. आम्ल कमी पडलं तर तपकिरी साका दिसतो. ब्युरेटच्या टोकात हवेचा बुडबुडा राहिला आणि मध्येच निसटला, तर शंकुपात्रात काही न पडता पातळी उतरते आणि रीडिंग जास्त येतं. द्रावण गडद असल्याने ब्युरेटमधल्या पातळीची वरची कड वाचायची. हे सगळं व्हीआरमध्ये दाखवता येतं, पण एंड पॉइंटजवळ (फिकट गुलाबी रंग टिकतो त्या क्षणाजवळ) अर्धा थेंब सोडताना तोटीवर बोटांचा जो ताबा लागतो, तो कंट्रोलरच्या बटणातून येत नाही. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्रात ७० गुण लेखी आणि ३० प्रात्यक्षिकाचे. ते ३० खऱ्या टेबलावर कमवायचे असतात. चार मुलं एका ब्युरेटभोवती उभी राहत असतील, तर पहिला पैसा तिथेच जायला हवा. एका हेडसेटच्या किमतीत बऱ्याच ब्युरेट येतात.

संगणकावरच्या प्रयोगशाळेचं गणित वेगळं, कारण तिला परवाना शुल्क नाही. अमृता विश्व विद्यापीठम आणि सी-डॅक मुंबई यांच्या ओलॅब्समध्ये नववी ते बारावीचे प्रयोग आहेत, मराठीतही. कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या फेटची सिम्युलेशन्स एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. वायफाय कधी असतं, कधी नसतं अशा ठिकाणी हा मोठा फायदा. प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी पंधरा मिनिटं दिली, तरी मुलं टेबलाशी क्रम समजून येतात. उणीव इतकीच की इथली रीडिंग्ज फारच गुळगुळीत असतात. खऱ्या मीटर ब्रिजवर (तारेच्या मदतीने विद्युतरोध मोजायचं उपकरण) जॉकी, म्हणजे तारेवर टेकवायची संपर्कपट्टी, तारेच्या दोन्ही टोकांना टेकवली आणि गॅल्व्हॅनोमीटरचा काटा एकाच बाजूला गेला, की मुलं जोडण्या तपासायला लागतात: कुठे स्क्रू सैल, कुठे तारेवर गंज. स्क्रीनवर ही वेळ येत नाही, म्हणून दोष शोधायची सवयही लागत नाही.

आता हेडसेट. २०१९ मध्ये माक्रान्स्की, टर्किल्डसेन आणि मेयर यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५२ विद्यापीठीय विद्यार्थ्यांना एकच प्रयोग-सिम्युलेशन संगणकावर आणि हेडसेटमध्ये दिलं गेलं. हेडसेटमध्ये 'आपण तिथेच आहोत' ही जाणीव जास्त झाली, शिकणं मात्र कमी. एका छोट्या अभ्यासावर सगळा निकाल लावू नये हे खरं, पण 'मुलं रंगून गेली' म्हणजे 'मुलं शिकली' असं धरून चालता येत नाही, एवढं त्यातून नक्की कळतं. उपाय साधा आहे: आधी संज्ञा शिकवा, सत्र तुकड्यांत द्या आणि हेडसेट उतरवल्यावर जर्नलमध्ये स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहायला लावा.

हेडसेट खरा कामाला येतो तो त्रिमितीय रचनेत. मिठाच्या स्फटिकात प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड असतात. सपाट चित्रात पुढचा-मागचा सहज निसटतो, जाळीच्या आत उभं राहिलं की मोजता येतो. मिथेनसारख्या छोट्या रेणूसाठी मात्र बॉल-अँड-स्टिकचा संच पुरतो. तिथे हेडसेट ही चैन आहे. प्रथिनाची घडी, चुंबकाभोवतीचं क्षेत्र किंवा वर्गात करूच नये अशी क्लोरीनची क्रिया असेल, तर पैसे वसूल होतात.

फोन घालायचं पुठ्ठ्याचं खोकं हा स्वस्त पर्याय म्हणून पुढे केला जातो. त्यात मान वळवून बघता येतं. पाऊल पुढे टाकून जवळ जाता येत नाही, काही उचलताही येत नाही. फोनमध्ये जायरोस्कोप (वळण ओळखणारा सेन्सर) नसेल तर तेवढंही नाही. गूगलने स्वतःचा कार्डबोर्ड २०२१ मध्ये विकायचा थांबवला.

वेळ मोजून बघा. वीस मुलांची बॅच, चार हेडसेट, दहा मिनिटांचं सत्र आणि अदलाबदलीला तीन मिनिटं: पाच फेऱ्यांना ६५ मिनिटं लागतात. बाकीच्या सोळा जणांना दुसरं काम हवंच. उभं राहून काम असेल तर प्रत्येकी २ बाय २ मीटर मोकळी जागा लागते. बहुतेक लॅबमध्ये ओट्यांमुळे ती नसते, तेव्हा बसून चालणारं सॉफ्टवेअर निवडा. एका चार्जवर साधारण दोन तास मिळतात, त्यामुळे सकाळची बॅच झाली की पुन्हा चार्जिंग.

बिघाड कुठे होतात? भिंगावर ऊन पडलं तर आतला डिस्प्ले जळतो, म्हणून खिडकीजवळ ठेवू नका. भिंगं कोरड्या मायक्रोफायबरने पुसा, सॅनिटायझर लावू नका. ट्यूबलाइटखाली हातांचं ट्रॅकिंग अडखळत असेल, तर सेटिंगमध्ये ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ करून बघा. मळमळ बहुतेकदा जॉयस्टिकने चालल्यामुळे होते. सॉफ्टवेअरमध्ये टेलिपोर्टचा (न चालता थेट दुसऱ्या जागी पोहोचायचा) पर्याय आहे का ते बघा. चित्र धूसर दिसत असेल तर भिंगांमधलं अंतर तपासा: मेटाच्या क्वेस्ट २ हेडसेटमध्ये ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर असे तीनच टप्पे आहेत.

कोटेशन आलं की विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी विचारा: परवाना दर वर्षी भरायचा आहे का, नेट गेलं तरी प्रयोग चालतो का आणि मुलाला दिसतं ते शिक्षकांना टीव्हीवर दिसेल का. डेमो तुमच्याच लॅबमध्ये, तुमच्याच वायफायवर आणि पूर्ण वीस मुलांच्या बॅचवर मागा.