कोलाडचं कयाकिंग आणि देवकुंडची वाट: मुलं घेऊन जाणाऱ्यांसाठी

कयाकिंगला पैकीच्या पैकी, वाटाड्याला त्याहून जास्त, कॅम्पच्या नियोजनाला काठावर पास. ताई, भाओजी, दोन भाचरं आणि मी नोव्हेंबरातल्या एका शनिवार-रविवारी कोलाडला (रायगड जिल्हा) कुंडलिका नदीच्या काठच्या एका कॅम्पवर राहिलो. नाव लिहीत नाही. मालकाशी बोलणं झालंय, सुधारणा करतो म्हणालाय, बघू. माणशी 1800 रुपये, त्यात तंबू, रात्रीचं जेवण, नाश्ता, कयाकिंग आणि भिरा गावाजवळच्या देवकुंड धबधब्याचा वाटाड्या.

कोलाड म्हटलं की लोक राफ्टिंगला धावतात. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीवरून नळांनी खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं (1927 सालचं, टाटांचं) आणि वीज करून कुंडलिकेत येतं. म्हणून पाऊस संपल्यावरही सकाळी पाणी सुटलं की नदीला जोर असतो. पण साधारण 14 वर्षांखालच्या मुलांना राफ्टवर घेत नाहीत आणि आमची भाची आठ वर्षांची. त्यामुळे आम्ही संथ पाण्यातलं कयाकिंग घेतलं. घरच्यांसोबत जायचं तर तेच घ्या.

कयाक प्लास्टिकची, वर बसायची, दोघांची. तिच्या बुडाला आरपार भोकं असतात. भाओजींनी ती पाहिली आणि "अरे, ही फुटकी दिलीस की काय?" म्हणून तिथल्या मुलाला हाक मारली. आत आलेलं पाणी त्यातूनच निघून जातं. पण माणसं जरा वजनदार असली की त्याच भोकांतून थोडं वरही येतं, म्हणजे बूड भिजणारच. जीन्स घालून बसू नका. पुढच्याने वल्ह्याची लय धरायची, मागच्याने ती बघत वल्हं मारायचं आणि कयाक वळवायची, एवढंच शास्त्र आहे. ताई-भाओजींना ते जमेना. वल्ही खटाखट एकमेकांवर आपटत होती, दोघं एकमेकांना शिकवत होते आणि कयाक जागच्या जागी गोल. माझ्या पुढे भाची बसली होती. तिने "डावं, उजवं" असं मोठ्याने म्हणत लय धरली आणि आम्ही पलीकडच्या काठाला लागूनसुद्धा आलो.

आता तक्रार. लहान मापाची लाइफ जॅकेटं मोजकीच होती आणि ती आधीच्या गटाने नेलेली. भाचीला दिलेलं जॅकेट खांद्याला धरून वर ओढलं तर थेट कानापर्यंत आलं. पाण्यात पडली असती तर जॅकेट वर आणि पोर खाली. मी अडूनच बसलो, तेव्हा शेजारच्या कॅम्पवरून मांड्यांमधून पट्टा घ्यायचं जॅकेट आलं. बुकिंगच्या वेळी मुलांचं वजन सांगून हे आधी विचारा. शिकवणारा मुलगा मात्र हुशार. काठाजवळ मुद्दाम कयाक उलटवून परत कसं चढायचं ते त्याने भाच्याकडून करून घेतलं, तोवर पुढे जाऊ दिलं नाही.

कॅम्पचा बेत रविवारी सकाळी कयाकिंग आणि अकराला देवकुंड असा होता. तो आम्ही मोडला. शनिवारी दुपारीच पाण्यात उतरलो आणि रविवारी उजाडता भिऱ्याला गेलो. ताम्हिणीमार्गे पुण्याला जाणाऱ्यांना भिरा परतीच्या बाजूलाच पडतं, पुन्हा कोलाडला यायची गरज नाही. शिवाय ऊन. हे तेच भिरा, जिथे मार्च 2017 मध्ये 46.5 अंशांची नोंद झाली होती. नोव्हेंबरात तसं नसतं, पण भिऱ्याच्या धरणाच्या पाण्याकडेने जाणारा सुरुवातीचा टप्पा उघडा आहे. भर दुपारी मुलांना तिथून चालवलं की रडारड ठरलेली.

वाटाड्या भिऱ्याचाच. मुलांच्या चालीने जायला दोन तासांच्या वर लागले. पुढे रान लागतं, ओढे लागतात. प्रत्येक ओढ्यात आधी तो उभा राहायचा आणि भाचीला सांगायचा, "काळ्या दगडावर नको, वाळूत पाय टाक." ताईची पिशवी कधी त्याच्या खांद्यावर गेली, कळलंच नाही. शेवटी दगडधोंड्यांची थोडी चढण आणि मग एकदम मोकळं: कड्यावरून सरळ कुंडात पडणारं पाणी. यालाच कुंडलिकेचा उगम मानतात. भाच्याला पोहायचं होतं. वाटाड्या एवढंच म्हणाला, "पाय भिजव, पुढे नाही." त्याच्याशी कुणी वाद घातला नाही. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन इथे बंदी घालतं, ती मोडून जाणाऱ्यांशी मला काही बोलायचं नाही.

गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांना देवकुंडला नेऊ नका, कयाकिंगला खुशाल न्या. वाटाड्याला वेगळे पैसे द्या, पॅकेजमधलं त्याच्या हातात किती पडतं देव जाणे.

पाचपैकी साडेतीन. जॅकेटांचा एक गुण मी कापला, उरलेला अर्धा भाओजींनी. रात्री तांदळाच्या भाकऱ्या गार वाढल्या, यावर ते अजून ठाम आहेत.